विजेतेपदे सारखी असूनही टेनिसपटूंची लोकप्रियता आणि बाजारभाव वेगळा का असतो?

प्रश्न असा आहे: टेनिसमध्ये जवळपास सारखेच पराक्रम केलेल्या दोन विजेत्यांपैकी एकाचे नाव टेनिस न पाहणाऱ्यांच्याही तोंडी असते, घड्याळांच्या, मोटारींच्या आणि कपड्यांच्या कंपन्या त्याच्या दारी रांग लावतात, आणि दुसऱ्याच्या वाट्याला आदरापलीकडे फारसे काही येत नाही. असे का होते, आणि त्यात खेळाचा, दिसण्याचा व पूर्वग्रहांचा वाटा किती? खेळाडू आणि ब्रँड यांच्यातले करार जुळवण्याच्या कामात माझी बरीच वर्षे मुंबईत गेली आहेत. त्यामुळे हे उत्तर मी मुख्यतः कराराच्या बाजूने देते. चाहती म्हणून असलेली माझी आवडनिवड शक्यतो बाजूला ठेवते.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. लोकप्रियता म्हणजे प्रेक्षकांनी खेळाडूवर केलेले प्रेम. बाजारभाव म्हणजे त्या प्रेमासाठी, किंवा केवळ त्या ओळखीसाठी, एखादी कंपनी किती पैसे मोजायला तयार आहे तो आकडा. या दोन्ही गोष्टी बहुतेक वेळा हातात हात घालून चालतात, पण नेहमी नाही. आणि दोन्हींच्या मुळाशी माझ्या मते एकच प्रश्न असतो, तो म्हणजे हा खेळाडू आला तेव्हा प्रेक्षकांच्या मनात आणि बाजारात कोणती जागा रिकामी होती. जिंकल्याशिवाय कोणी त्या जागेपर्यंत पोहोचत नाही, हे खरेच; परंतु जागा आधीच भरलेली असेल, तर कितीही जिंकले तरी ती मिळत नाही.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण एकाच कंपनीच्या दोन करारांत सापडते. युनिक्लो या जपानी कपड्यांच्या कंपनीने 2012 च्या मे महिन्यात नोव्हाक जोकोविचशी करार केला. पुढच्या पाच वर्षांत त्याने त्या कंपनीचे कपडे घालून सात ग्रँड स्लॅम एकेरी विजेतेपदे मिळवली, आणि 2016 मध्ये फ्रेंच ओपन जिंकून चारही ग्रँड स्लॅम किताब एकाच वेळी आपल्याकडे ठेवण्याचा पराक्रम केला. एखाद्या कपड्यांच्या ब्रँडला खेळाडूकडून याहून जास्त काय हवे असणार? तरीही 2017 मध्ये हे नाते संपले आणि जोकोविच लाकोस्तकडे गेला. त्यानंतर सुमारे वर्षभराने, 2018 च्या विम्बल्डनमध्ये, रॉजर फेडरर युनिक्लोचे कपडे घालून सेंटर कोर्टवर उतरला. तेव्हा त्याला 37 वर्षे पूर्ण व्हायला महिनाभरच उरला होता, आणि प्रसिद्ध झालेल्या वृत्तांनुसार तो करार दहा वर्षांचा व सुमारे 30 कोटी डॉलरचा होता. म्हणजे फेडरर निवृत्त झाल्यानंतरची कितीतरी वर्षेही कंपनीने आधीच विकत घेऊन ठेवली होती. टेनिसपटूला खेळणे थांबल्यानंतरच्या काळासाठी इतकी रक्कम मिळणे म्हणजे त्याच्या विजयांची किंमत नव्हे, तर त्याच्या नावाला लोकांच्या मनात असलेल्या स्थानाची किंमत होय.

फेडररला हे स्थान कसे मिळाले, ते जरा बारकाईने पाहण्यासारखे आहे. पीट सॅम्प्रसचा शेवटचा सामना 2002 च्या यूएस ओपनचा अंतिम सामना ठरला. आंद्रे आगासी तिशी ओलांडून गेला होता. पुरुषांच्या टेनिसला नव्या चेहऱ्याची गरज होती, आणि 2003 मध्ये फेडररने पहिले विम्बल्डन जिंकले. त्याचा एकहाती बॅकहँड आणि पायांचा आवाज न होता कोर्टभर फिरण्याची त्याची ढब जुन्या प्रेक्षकांना लाकडी रॅकेटच्या काळाची आठवण करून देणारी होती, तर त्याच्या फटक्यांचा वेग पूर्णपणे नव्या काळाचा होता. त्यामुळे जुने आणि नवे असे दोन्ही प्रकारचे प्रेक्षक त्याने एकाच वेळी आपलेसे केले. शिवाय तो इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन बोलतो, स्विस बोलीभाषाही त्याची स्वतःची आहे, आणि सामन्यानंतर तो वेगवेगळ्या देशांच्या पत्रकारांशी त्यांच्या भाषेत बोलत असे. बाहेरून पाहणाऱ्याला ही सभ्यतेची खूण वाटते आणि ती आहेही. पण ब्रँडच्या दृष्टीने तीन-चार बाजारपेठांत एकाच माणसाचा खरा आवाज ऐकवता येणे ही फार मोठी सोय असते. रोलेक्स, लिंट, जुरा, मर्सिडीज अशी त्याच्या प्रायोजकांची नावे पाहिली, तर त्या सर्वांना नेमकेपणा, संयम आणि मुरलेली श्रीमंती विकायची होती, आणि तो नेमका तसाच खेळत होता.

याचा परिणाम किती मोठा झाला, हे 2020 मध्ये दिसले. फोर्ब्सच्या जगातील सर्वाधिक कमाई करणाऱ्या खेळाडूंच्या यादीत त्या वर्षी फेडरर पहिला आला. त्या यादीत अव्वल ठरलेला तो पहिलाच टेनिसपटू होता. त्या 12 महिन्यांतल्या 10 कोटी 63 लाख डॉलरपैकी सुमारे 10 कोटी डॉलर जाहिराती आणि करारांतून आलेले होते. बक्षिसाची रक्कम त्या हिशेबात जवळजवळ किरकोळ ठरली.

राफाएल नदालला फेडररच्या शेजारची जागा मिळाली, आणि ती त्याच्या पूर्ण उलट होती. 2005 मध्ये पॅरिसमध्ये पहिल्यांदा जिंकला तेव्हा तो 19 वर्षांचा होता. बिनबाह्यांचा शर्ट, गुडघ्याखाली येणारी विजार, डावा हात, प्रत्येक चेंडूसाठी जीव टाकणे! फेडरर ज्यांना फार गुळगुळीत वाटत होता त्यांना आपला माणूस सापडला, आणि दोघांच्या वैराने दोघांचाही भाव वाढवला. टेनिसमध्ये वैर हा लोकप्रियतेचा सर्वांत मोठा कारखाना आहे, असे मी नवख्या ग्राहकांना नेहमी सांगते. बियाँ बोर्ग आणि जॉन मॅकेन्रो, ख्रिस एव्हर्ट आणि मार्टिना नवरातिलोव्हा, सॅम्प्रस आणि आगासी या जोड्यांत प्रत्येकाने दुसऱ्याला अर्थ दिला.

जोकोविचची अडचण इथे आहे. तो तिसरा आला. तो पुढे आला तेव्हा टेनिस पाहणारे जग फेडररवाले आणि नदालवाले असे दोन घरांत वाटले गेले होते, आणि तो जिंकला की त्या दोहोंपैकी एका घरातल्या माणसांना दुःख होत असे. प्रेक्षक त्याच्यावर अन्याय करतात, असे त्याचे चाहते तळमळून सांगतात, आणि मला त्यांचे म्हणणे बरेचसे पटते. बेलग्रेडवर 1999 मध्ये बॉम्ब पडत होते तेव्हा वाढणारा मुलगा, साठ-सत्तर लाख लोकवस्तीच्या देशातून येऊन 24 ग्रँड स्लॅम एकेरी विजेतेपदे मिळवतो, ही कथा इतर कोणत्याही काळात जगाने डोक्यावर घेतली असती. पण लोकांच्या मनातली कथा आधीच सुरू झालेली होती, आणि त्या कथेत त्याला मिळालेली भूमिका अडथळ्याची होती.

2019 चा विम्बल्डनचा अंतिम सामना ज्यांनी पाहिला त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. पाचव्या सेटमध्ये 8-7 अशा आघाडीवर फेडरर सर्व्हिस करत होता, गुण 40-15, म्हणजे विजेतेपदासाठी हाताशी दोन मॅच पॉइंट, आणि वय 37. स्टेडियममधला जवळजवळ प्रत्येक माणूस एकाच बाजूने होता. जोकोविचने ते दोन्ही पॉइंट वाचवले, 12-12 नंतरचा टायब्रेक जिंकला आणि सुमारे पाच तासांनी किताब घेतला. सामन्यातले एकूण गुण फेडररने जास्त जिंकले होते. निर्णायक गुण मात्र जोकोविचकडे गेले. नंतर त्याने सांगितले की, प्रेक्षक 'रॉजर' असा गजर करत असताना आपण मनाला 'नोव्हाक' ऐकायला लावत होतो. मानसिक कणखरपणाचे याहून मोठे उदाहरण टेनिसमध्ये मला तरी आठवत नाही, आणि तरीही त्या सायंकाळी त्याच्या लोकप्रियतेत फारशी भर पडली असे वाटत नाही, कारण त्याने जे हिरावून घेतले ते लोकांना हवे होते.

यात त्याच्या स्वतःच्या वागण्याचा भागही आहेच. 2020 च्या यूएस ओपनमध्ये रागाच्या भरात मारलेला चेंडू लाइन जजला लागून तो बाद ठरला, आणि 2022 च्या जानेवारीत लसीकरणाच्या प्रश्नावरून ऑस्ट्रेलियाने त्याला परत पाठवले. कंपन्यांच्या वकिलांना अशा घटना आवडत नाहीत. पण त्याच्या लोकप्रियतेतली तूट या घटनांच्या कितीतरी आधीची आहे, म्हणून त्यांना मूळ कारण मानणे मला बरोबर वाटत नाही.

अशीच स्थिती तीन दशकांपूर्वी इव्हान लेंडलची झाली होती. 1982 पासून 1989 पर्यंत सलग आठ वर्षे तो यूएस ओपनच्या अंतिम फेरीत होता, 270 आठवडे जगात पहिला होता. आणि 1986 मध्ये स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड या अमेरिकी साप्ताहिकाने त्याला मुखपृष्ठावर घेतले ते 'कुणालाच ज्याचे काही वाटत नाही असा विजेता' अशा अर्थाच्या मथळ्याखाली. जिमी कॉनर्स आणि मॅकेन्रो या दोन अमेरिकी लाडक्यांना हरवणारा, चेकोस्लोव्हाकियातून आलेला, शीतयुद्धाच्या काळात न हसणारा माणूस! त्याच्या आहाराची आणि व्यायामाची शिस्त पुढच्या पिढ्यांनी गिरवली, आधुनिक बेसलाइन टेनिसची घडण मोठ्या प्रमाणात त्याने केली, पण त्याच्या काळातल्या अमेरिकी जाहिरातदाराला त्याचा चेहरा वापरून काय सांगावे हेच कळत नव्हते.

आता प्रेम आणि भाव वेगळे पडतात तिथे वळू. मारिया शारापोव्हाने 2004 मध्ये 17 व्या वर्षी सेरेना विल्यम्सला हरवून विम्बल्डन जिंकले. त्यानंतर कोर्टवरच वडिलांकडून मोबाइल घेऊन ती आईला फोन लावू लागली आणि फोन काही लागेना. जगभर दिसलेल्या त्या काही क्षणांनंतर मोटोरोला या मोबाइल कंपनीने तिला करारबद्ध केले. मला हे उदाहरण फार महत्त्वाचे वाटते. फोन न लागण्याचा प्रसंग कोणी योजून घडवलेला नव्हता. पण एका क्षणात ती विजेती असूनही घरची आठवण येणारी मुलगी झाली, आणि एका विशिष्ट वस्तूशी तिचे नाव आपोआप जोडले गेले. तिच्या व्यवस्थापकांचे कौशल्य एवढेच की त्यांनी हा धागा लगेच पकडला.

फोर्ब्सच्या हिशेबाप्रमाणे शारापोव्हा 2005 ते 2015 अशी सलग 11 वर्षे जगातील सर्वाधिक कमाई करणारी महिला खेळाडू होती. या काळात कोर्टवर काय घडत होते? संपूर्ण कारकिर्दीत सेरेनाने तिला 22 पैकी 20 सामन्यांत हरवले, आणि शारापोव्हाचे दोन्ही विजय 2004 सालचे होते. सेरेनाची ग्रँड स्लॅम एकेरी विजेतेपदे 23, शारापोव्हाची पाच. शारापोव्हा कष्टाळू होती, करारातला प्रत्येक शब्द पाळणारी होती, शूटच्या दिवशी वेळेवर येणारी होती, आणि युरोप, रशिया व अमेरिका या तिन्ही बाजारांत चालणारी होती, हे सगळे खरे आहे. तरीही उंच, गोऱ्या, सोनेरी केसांच्या मुलीचा चेहरा 'सर्वांना चालणारा' आणि कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्टनमध्ये वाढलेल्या, पिळदार अंगाच्या कृष्णवर्णीय मुलीचा चेहरा 'सर्वांना चालेल का?' असा प्रश्न निर्माण करणारा, ही समजूत त्या काळातल्या खरेदीदारांच्या मनात होती, आणि तिचा पैशांत मोजता येणारा परिणाम झाला. इंडियन वेल्स येथे 2001 च्या अंतिम सामन्यात सेरेनाची प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, त्यानंतर 14 वर्षे ती त्या स्पर्धेत खेळली नाही. अखेर 2016 मध्ये तिने कमाईतही शारापोव्हाला मागे टाकले. तोपर्यंत बाजार बदलला होता, आणि तो बदलण्यात तिचा स्वतःचा मोठा हात होता.

नवरातिलोव्हाची गोष्ट याहून कडवट आहे. तिची आणि एव्हर्टची ग्रँड स्लॅम एकेरी विजेतेपदे सारखीच, प्रत्येकी 18. परस्परांविरुद्धच्या 80 सामन्यांत नवरातिलोव्हा 43-37 अशी पुढे. पण एव्हर्ट अमेरिकेची लाडकी लेक होती, आणि नवरातिलोव्हा कम्युनिस्ट देशातून आलेली, ताकदीने खेळणारी, आणि 1981 पासून समलिंगी म्हणून उघडपणे ओळखली जाणारी. त्याच वर्षी अमेरिकेची विख्यात टेनिसपटू बिली जीन किंग हिचे समलिंगी संबंध जाहीर झाले आणि तिचे जवळजवळ सर्व करार एका दिवसात गेल्याचे तिने स्वतः पुढे सांगितले आहे. म्हणून कोणी मला बाजार निष्पक्ष असतो असे सांगितले की मी या दोन नावांची आठवण करून देते. रिकामी जागा ठरवताना समाज आपले पूर्वग्रह सोबत आणतो, आणि कंपन्या बहुतेक वेळा समाजाच्या अर्धे पाऊल मागे असतात.

प्रत्यक्ष करारात हे सगळे कसे उतरते, तेही सांगायला हवे, कारण वाचकांसमोर सहसा फक्त एक मोठा आकडा येतो. मोठ्या करारात एक ठरलेली वार्षिक रक्कम असते, तिला आम्ही रिटेनर म्हणतो. तिच्यावर विजेतेपदांचे आणि क्रमवारीचे बोनस असतात. त्याखाली बारीक अक्षरांत कपातीचा तक्ता असतो: क्रमवारी ठरावीक स्थानाखाली गेली तर इतके टक्के कमी, वर्षात ठरावीक स्पर्धांपेक्षा कमी खेळले तर इतके कमी. मग मॉरॅलिटी क्लॉज, म्हणजे गैरवर्तन, उत्तेजक द्रव्ये किंवा गुन्ह्याच्या प्रसंगी करार मोडण्याचा अधिकार. आणि वर्षातले शूटचे दिवस, जे बहुधा इतके थोडे असतात की खेळाडूच्या प्रत्येक तासासाठी भांडण होते. खऱ्या बाजारभावाची खूण या कपातीच्या तक्त्यात दिसते. जो फक्त विजयांमुळे विकला जातो त्याचा रिटेनर लहान आणि बोनस मोठे असतात. ज्याच्या नावाला स्वतःचे वजन आहे त्याचा रिटेनर मोठा असतो आणि कपात जवळपास नसते. शारापोव्हा 2016 मध्ये मेल्डोनियम या बंदी असलेल्या द्रव्याच्या चाचणीत दोषी आढळली तेव्हा नाइकी, पोर्श आणि टॅग ह्यूअर यांनी काही दिवसांतच हात आखडते घेतले. रॅकेट बनवणारी हेड ही कंपनी मात्र जाहीरपणे तिच्या पाठीशी राहिली. चेहरा विकत घेणारी कंपनी आणि खेळ विकत घेणारी कंपनी यांतला फरक तेव्हा स्पष्ट दिसला.

टेनिसचे स्वरूपच मुळात जाहिरातीला सोयीचे आहे. डोक्यावर शिरस्त्राण नाही, सोबत दहा सहकारी नाहीत, आणि दर दोन गेमनंतर खेळाडू खुर्चीवर बसतो तेव्हा कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर स्थिर असतो. अंतिम सामना संपताच अनेक विजेते पिशवीतून घड्याळ काढून मनगटावर बांधतात आणि मगच चषक उचलतात. तो करारातलाच भाग असतो. त्यामुळे हरताना, थकल्यावर, रागात असताना माणूस कसा दिसतो हे प्रेक्षकाला तासन्तास पाहायला मिळते, आणि ज्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही त्याच्याशी नाते जुळायला वेळ लागतो. सॅम्प्रसला 14 विजेतेपदे मिळूनही कंटाळवाणा म्हटले गेले ते यामुळे. आठच विजेतेपदे असलेला आगासी मात्र भडक रंग, जीन्सची चड्डी आणि लांब केस घेऊन आला. 1990 मध्ये एका कॅमेरा कंपनीच्या जाहिरातीत प्रतिमा हेच सर्वस्व अशा अर्थाचे वाक्य त्याच्या तोंडी घातले गेले आणि ते वर्षानुवर्षे त्याला चिकटून राहिले. 1997 मध्ये तो क्रमवारीत 141 व्या स्थानापर्यंत घसरला, छोट्या स्पर्धा खेळून परत वर आला, 1999 मध्ये पॅरिस जिंकले, आणि लोकांनी त्याच्यावर जे खरे प्रेम केले ते या दुसऱ्या आगासीवर.

देश आणि बाजारपेठ हा आणखी एक कणा आहे. ली ना 2011 मध्ये फ्रेंच ओपन जिंकली तेव्हा एकेरीत ग्रँड स्लॅम जिंकणारी ती आशियाची पहिली खेळाडू ठरली, आणि चीनच्या बाजारात पाय रोवू पाहणाऱ्या प्रत्येक परदेशी ब्रँडला ती हवी होती. नाइकी आपल्या खेळाडूंच्या कपड्यांवर दुसऱ्या कंपनीचे चिन्ह सहसा येऊ देत नाही; ली नासाठी मात्र हा नियम शिथिल झाला. या व्यवसायातल्या माणसाला त्या बाहीवरच्या छोट्या चिन्हातून तिचे वजन कळते. नाओमी ओसाकाची आई जपानी, वडील हैतीचे, वाढ अमेरिकेत. 2018 मध्ये ती यूएस ओपन जिंकली तेव्हा टोकियो ऑलिंपिक दोन वर्षांवर होते, जपानी कंपन्यांना जगाला दाखवता येईल असा चेहरा हवा होता, आणि अमेरिकी कंपन्यांना नव्या, मिश्र वंशाच्या पिढीचा. दोन जागा एकाच वेळी रिकाम्या होत्या. 2020 च्या फोर्ब्सच्या यादीत तिची कमाई 3 कोटी 74 लाख डॉलर होती, तोवरच्या कोणत्याही महिला खेळाडूच्या वार्षिक कमाईपेक्षा जास्त. त्याच वर्षी यूएस ओपनमध्ये तिने वर्णद्वेषाचे बळी ठरलेल्यांची नावे लिहिलेले सात मास्क सात सामन्यांना घातले, आणि प्रायोजक तिच्यासोबत राहिले. बिली जीन किंगच्या 1981 शी हे ताडून पाहिले तर बाजार किती अंतर चालला ते समजते.

एमा राडुकानू 2021 मध्ये पात्रता फेरीतून येऊन एकही सेट न गमावता यूएस ओपन जिंकली. ब्रिटिश, चिनी आई, रोमानियन वडील, चिनी भाषा येते, वय 18. टिफनी, डिओर, पोर्श, ब्रिटिश एअरवेज अशी रांग लागली. पुढच्याच वर्षी एलेना रिबाकिनाने विम्बल्डन जिंकले, त्या विजयात खेळाचा दर्जा कुठेही कमी नव्हता. पण मॉस्कोत जन्मलेली, कझाकस्तानकडून खेळणारी, जिंकल्यावर जेमतेम हसणारी ही खेळाडू कोणत्या बाजाराची, याचे सोपे उत्तर कोणाकडे नव्हते. मला तिचा तो संयम फार आवडतो. बाजाराला त्याची किंमत कमीच वाटली.

आपल्याकडचे उदाहरण सानिया मिर्झाचे. मुंबईत जन्मलेली आणि हैदराबादमध्ये वाढलेली सानिया 2005 मध्ये हैदराबादची डब्ल्यूटीए (महिलांच्या व्यावसायिक टेनिस संघटनेची) एकेरी स्पर्धा जिंकून ते यश मिळवणारी पहिली भारतीय महिला ठरली, त्याच वर्षी यूएस ओपनच्या चौथ्या फेरीपर्यंत गेली, आणि पाहता पाहता जाहिरातींच्या फलकांवर आली. महेश भूपतीने स्थापन केलेली ग्लोबोस्पोर्ट ही व्यवस्थापन कंपनी तिचे काम पाहत होती. एकेरीतले तिचे सर्वोच्च स्थान 27 वे. ग्रँड स्लॅम महिला दुहेरी ती 2015 मध्ये विम्बल्डनला जिंकली, म्हणजे भाव मिळाल्यानंतर दहा वर्षांनी. याउलट लिअँडर पेसकडे दुहेरी आणि मिश्र दुहेरी मिळून 18 ग्रँड स्लॅम विजेतेपदे आहेत, अटलांटा ऑलिंपिकचे कांस्यपदक आहे. रोहन बोपण्णा 2024 मध्ये 43 व्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनची दुहेरी जिंकून दुहेरीच्या क्रमवारीत जगात पहिला झाला. आणि आपल्या महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसलेने त्याच बोपण्णाच्या साथीने हांगझोऊ आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक आणले. ऋतुजाचे नाव पुण्याबाहेर किती घरांत माहीत आहे, हा विचार मला अस्वस्थ करतो. दुहेरीचे सामने दूरचित्रवाणीवर क्वचित दिसतात, आणि जे दिसत नाही ते विकले जात नाही, इतके हे सरळ आहे. 2005 मध्ये मात्र स्वतःच्या मताची, नथ घालणारी, फोरहँड तडाखेबंद मारणारी 18 वर्षांची भारतीय मुलगी अशी जागा पूर्णपणे रिकामी होती.

लोकप्रियतेचा सर्वांत निर्भेळ मोजमाप पाहायचा असेल, तर तो हजेरीच्या मानधनात पाहावा. ग्रँड स्लॅम आणि मास्टर्स 1000 स्पर्धांत केवळ येण्याबद्दल पैसे देता येत नाहीत; त्यांच्याखालच्या, एटीपी (पुरुषांची व्यावसायिक टेनिस संघटना) 250 आणि 500 दर्जाच्या स्पर्धांत देता येतात. बालेवाडीला 2018 पासून काही वर्षे महाराष्ट्र ओपन झाली, ती 250 दर्जाची होती. तिथे मारिन चिलिच आला, केव्हिन अँडरसन आला. दोघेही अव्वल दर्जाचे. तरीही सर्वसामान्य पुणेकराला खेचून आणील असे नाव कोणते, हा प्रश्न उरतच असे, आणि ज्या दोन-तीन नावांना तशी ताकद होती त्यांचे मानधन अशा स्पर्धेच्या आवाक्याबाहेरचे होते. क्रमवारीत सातवा आणि क्रमवारीत पहिला यांच्या खेळातले अंतर थोडे असते. त्यांच्या हजेरीच्या रकमेतले अंतर मात्र अनेक पटींचे असू शकते. अरिना सबालेंकाने 2017 मध्ये मुंबईत सीसीआयच्या (क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या) कोर्टवर डब्ल्यूटीए 125 दर्जाची स्पर्धा जिंकली, तेव्हा टेनिसच्या वर्तुळाबाहेर तिला ओळखणारे फारसे कोणी नव्हते. आज तिला इथे आणायचे म्हटले तर आकडा ऐकूनच बैठक संपेल.

मग ही स्थिती बदलता येते का? माझ्या अनुभवात जाहिरातींनी ती बदलत नाही, पण प्रसंगाने बदलते. अँडी मरेवर इंग्रज प्रेक्षक बरीच वर्षे नाराज होते. 2006 च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी इंग्लंडविषयी त्याने गमतीत केलेले एक विधान त्याच्या मागे लागले होते. 2012 मध्ये विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात फेडररकडून हरल्यावर तो माइकसमोर उभा राहिला आणि त्याला बोलता येईना, डोळे भरून आले. त्या सायंकाळपासून देश त्याचा झाला. चार आठवड्यांनी त्याच कोर्टवर त्याने ऑलिंपिक सुवर्ण घेतले आणि 2013 मध्ये 77 वर्षांनी ब्रिटनला पुरुष एकेरीचा विम्बल्डन विजेता मिळाला. जोकोविचच्या बाबतीतही तसेच घडले: 2021 च्या यूएस ओपनमध्ये वर्षातील चौथे ग्रँड स्लॅम हातून निसटत असताना न्यूयॉर्कचे प्रेक्षक त्याच्या नावाचा गजर करू लागले, आणि तो खुर्चीवर टॉवेलमध्ये तोंड खुपसून रडला. इतकी वर्षे जिंकून जे मिळाले नव्हते ते त्याला हरताना मिळाले. असे प्रसंग घडवून आणता येत नाहीत, आणि कोणी तसा प्रयत्न केला तर टेनिस पाहणाऱ्यांना तो लगेच कळतो.

भारतातल्या पालकांना आणि तरुण खेळाडूंना याच संदर्भात एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ते अनेकदा आधी ब्रँड आणि मग क्रमवारी असा उलटा विचार करतात. पुरुष एकेरीत भारतीय खेळाडूची जागा आज रिकामी आहे आणि बाजार फार मोठा आहे. तरीही सुमित नागल देशात पहिल्या क्रमांकावर असताना, 2023 च्या सप्टेंबरमध्ये, आपल्या खात्यात 900 युरो उरल्याचे त्याने जाहीरपणे सांगितले होते. चारच महिन्यांनी ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये त्याने मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला हरवले. ग्रँड स्लॅम एकेरीत भारतीय पुरुषाने मानांकित खेळाडूला हरवण्याची ती 1989 नंतरची पहिली वेळ होती, आणि जे लोक त्याला वर्षभर ओळखत नव्हते ते दोन दिवस त्याच्याविषयी बोलत होते. खेळ तोच होता, माणूसही तोच होता. फरक एवढाच की तो सामना लोकांना दिसला. चॅलेंजर या खालच्या दर्जाच्या स्पर्धांच्या रिकाम्या खुर्च्यांपासून त्या एका दिसणाऱ्या सामन्यापर्यंतचा प्रवासखर्च, प्रशिक्षकाचा पगार आणि फिजिओची फी कोणी भरायची, हा प्रश्न सुटत नाही तोवर भारतीय कंपन्यांना हवा असलेला टेनिसचा चेहरा त्यांना कितीही पैसे मोजून मिळणार नाही.